गैरहजराचं नाव

समितीची सातवी बैठक होती आणि सातव्यांदा एकही खुर्ची रिकामी नव्हती. रिकामी ठेवणार कोण? या रुग्णालयाचा अलिखित नियमच होता: जो गैरहजर, काम त्याच्या गळ्यात.

वॉर्डात नोंदवलेली रुग्णाची ॲलर्जी औषध विभागाच्या स्क्रीनवर पोचवणाऱ्या यंत्रणेला 'मालक', म्हणजे जबाबदार माणूस, नेमायचा होता. तीन आठवड्यांपासून ती बिघडली होती. इकडे 'हे औषध चालत नाही' लिहावं, तर तिकडे 'ॲलर्जी नाही' दिसायचं. तिला हात लावायचा तर मालकाची सही हवी, आणि भिंतीवरच्या तक्त्यात मालकाची चौकट तेवढी कोरी.

"आमच्याकडून माहिती बरोबर जाते," कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख म्हणाले.

"आमच्याकडे येतानाच चुकीची येते," औषध विभागाचे म्हणाले. सगळेच धुतल्या तांदळासारखे.

समितीत बसलेल्या मोठ्या सिस्टरांचं लक्ष घड्याळाकडे होतं. नऊ नंबरच्या आजींना ॲलर्जी होती आणि त्यांचं औषध दुपारी बदललं होतं. चारचं इंजेक्शन नवीन, आणि ड्यूटीवरची मुलगीही नवीन. औषध विभागाने पाठवलेलं ती डोळे मिटून देणारच. त्यांनी दोनदा फोन लावला, वॉर्डात कोणी उचलला नाही. उठावं तर ही ब्याद आपल्या गळ्यात, आणि निवृत्तीला उरलेत चार महिने. त्यांना भीती वाटली. तरी त्या उठल्या.

"निघालात?" अध्यक्षांचा चेहरा खुलला. पेनाचं टोपण निघालंसुद्धा.

"लिहा माझं नाव," सिस्टर म्हणाल्या आणि जिन्याकडे धावल्या.

मुलगी आजींच्या दंडाला स्पिरिट लावत होती. सिस्टरांनी तिच्या हातातून सिरिंज काढून घेतली. मग कॉम्प्युटर विभागाला फोन लावला.

"ती ॲलर्जीची यंत्रणा आत्ताच्या आत्ता बंद करा. दुरुस्त होईपर्यंत औषध विभागाने प्रत्येक औषधासाठी वॉर्डाला फोन करायचा."

"अहो सिस्टर, असं कसं? मालकाची सही लागते."

"मालकच बोलतेय. माणूस पाठवा, सही देते."

यंत्रणा बंद होतेय हे कळताच पाच मिनिटांत अख्खी समिती धापा टाकत वॉर्डात हजर झाली. कुठे उभं राहायचं ते कोणालाच कळेना. आजींनी घाबरून चादर गळ्यापर्यंत ओढली.

"एवढी माणसं? अगं बाई, मला झालंय तरी काय?"

"तुम्हाला काही झालं नाही, आजी," सिस्टर म्हणाल्या. "हे पहिल्यांदाच वॉर्ड बघायला आलेत."