दोन झाकणं औषध

"दाखव," थोरली नणंद म्हणाली.

सून बैठकीच्या खोलीत मधोमध उभी होती. सोफ्यावर सासू, तिला चिकटून नणंद, आणि खिडकीपाशी नवरा, बाहेर बघण्यासारखं काही नसताना बाहेर बघत. टीपॉयवर औषधाची बाटली होती, तिच्या डोक्यावर मापाचं प्लॅस्टिकचं झाकण. सुनेने लगेच तोंड उघडलं नाही. काल दिवसभर तिने बरंच ऐकून घेतलं होतं.

झालं होतं इतकंच. परवा सासूला जुलाब लागले. सुनेच्या भावाचं मेडिकलचं दुकान, म्हणून तिने त्याला फोन केला. त्याने आधी विचारलं, सासूबाई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात का. घेत असतील तर हे औषध चालणार नाही. सुनेने सासूला विचारलं, गोळ्यांचा डबा उघडून स्वतः खात्री केली, आणि मग चिठ्ठीशिवाय मिळणारं ते गुलाबी औषध आणून दोन-दोन झाकणं पाजलं. संध्याकाळपर्यंत जुलाब थांबले. काल सकाळी सासू दात घासायला आरशासमोर उभी राहिली आणि किंचाळली. जीभ काळीठिक्कर. संडासलाही काळंच झालेलं.

मग नणंद आली. येता येता तिने मोबाइलवर सगळं वाचून काढलं होतं. काळं म्हणजे पोटात रक्त, आणि रक्त म्हणजे विष, हे शेवटचं तिचं स्वतःचं. उचलली जीभ लावली टाळ्याला, या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. भावाने फोनवर शांतपणे सांगितलं, की या औषधाने असं होतं, औषध बंद केलं की दोन-चार दिवसांत जातं. नणंद म्हणाली, बरोबर, अख्खं माहेरच सामील आहे. सून म्हणाली, डॉक्टरांकडे चला. तर नणंद म्हणे, तोही तुझ्या भावाच्याच ओळखीचा असेल. आईला विष घातलं म्हणणाऱ्या लेकीने आईला डॉक्टरकडे मात्र नेलं नाही. आई तोवर दोन वेळा पोटभर जेवली होती.

आणि गोळ्यांचा डबा उघडला होता, हा तर पुरावाच. कशावर काय दिलं की माणूस जातं, हेच बघत होती म्हणे. सूनबाईंनी उद्या दुपारपर्यंत घर सोडायचं, नाहीतर बाटली घेऊन पोलिसात जायचं, असं नणंदेने जाहीर केलं. नवऱ्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तेव्हा सुनेने बाटली पुढे केली होती. मी घेते, माझ्याबरोबर आणखी कोणीतरी घ्या, उद्या जिभा बघू. नणंद मागे सरकली. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. बाकीच्यांनी घेतलं नसतं तरी तिचं काही अडणार नव्हतं.

"मला कुठे जुलाब झालेत?" नवरा म्हणाला.

विषाच्या आरोपापेक्षा तिला हे जास्त लागलं. तिने एकटीनेच दोन झाकणं घेतली, त्यांच्या डोळ्यांसमोर. दुपारी घेतली, संध्याकाळी पुन्हा घेतली. चांगल्या पोटात ते औषध गेल्याने पोट गच्च होऊन बसलं होतं, सकाळपासून दुखत होतं. ते तिने कोणाला सांगितलं नाही.

"दाखवतेस ना?" नणंद पुन्हा म्हणाली. "का भावानं आणखी काही शिकवलंय?"

सुनेने जीभ बाहेर काढली. कढईच्या बुडासारखी काळी. आधी नणंदेला दाखवली, मग सासूला. नवऱ्यासमोर मात्र ती बराच वेळ तशीच उभी राहिली, शाळेतली पोरं वेडावून दाखवतात तशी. त्याला शेवटी मान फिरवावी लागली.

सासूने चष्मा लावून नीट पाहिलं आणि माझी हिच्याहून काळी आहे, असा निकाल दिला. नवरा हसला. नको तेवढं हसला. नणंद म्हणाली, बरं बाई, आईच्या काळजीपोटी माणूस बोलून जातं, त्यात इतकं मनावर काय घ्यायचं. चुकलं हा शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही. वर म्हणाली, जा आता, सगळ्यांना चहा टाक.

सून आत गेली आणि चहा घेऊन आली. ट्रे तिने टीपॉयवर ठेवला, बाटलीशेजारी. चार कप होते.

सासूने कपाकडे हात नेला. नणंदेने तिचं मनगट वरच्या वर धरलं. धरलं ते सोडलंच नाही. नवऱ्याने आपला कप उचलला होता, तो परत बशीत ठेवला. तिघेही सुनेच्या कपाकडे बघत होते.

"घे ना," नवरा अगदी मऊ आवाजात म्हणाला. "आधी तू घे."

"माझं काल घेऊन झालं," सून म्हणाली, आणि आत गेली.

आतून कपाटावरची बॅग खाली काढल्याचा आवाज आला. चहावर साय धरली, तरी कप कोणी उचलला नाही.