आधीच उजळणारा तुकडा

भट्टीत काच वितळताना तिच्यात चिमूटभर युरोपियम टाकलं, की थंड झाल्यावर ती काच अतिनील दिव्याखाली तांबडी उजळते. दिवा बंद केला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत विझते. याच कामात माझी आणि ताईची हयात गेली. काच आम्हाला आता काय नवं दाखवणार?

या तुकड्याचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. दिव्याच्या बटणाकडे हात जायच्या आधीच तो उजळायचा.

"मग दिवा आपण लावतो, की हा आपल्याकडून लावून घेतो?" मी विचारलं.

"थांब, त्याची खोडच मोडू," ताई म्हणाली. "आज तो कितीही उजळू दे, दिवा लावायचाच नाही."

भर दुपारी आम्ही पडदे ओढले, दाराला आतून कडी घातली आणि बटणाकडे पाठ करून एकमेकींचे दोन्ही हात घट्ट धरले.

तुकडा उजळला. आम्ही जागच्या हललो नाही. तो तसाच तांबडा राहिला, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

"हरलास रे बाबा!" ताई हसली.

आमच्या पाठीमागे बटण खट्कन वाजलं.