बाणांची दिशा

उद्घाटनाला तासभर असताना आई संग्रहालयातलं माझं ‘माणसाची प्रगती’ दालन बघून आली. “सुरुवातीलाच ते बॉम्ब टाकणारं ड्रोन गं. मग तोफा, तलवारी, दगडी कुऱ्हाड. म्हटलं, हे मेले सुधारणार तरी कधी? शेवटी तो म्हातारा भेटला आणि जीव भांड्यात पडला.” म्हातारा म्हणजे बिनदातांचा जबडा, दालनातली सर्वांत जुनी वस्तू. दात गेल्यावरही तो वर्षानुवर्षं जगला, म्हणजे कुणीतरी त्याला घास कुस्करून भरवत होतं, असं पाटीवर मीच लिहिलं होतं. पण तो तर सुरुवातीला हवा! मी खाली पाहिलं. पेंटरने जमिनीवरचे सगळे बाण उलटे चिकटवले होते. आई कवळी सावरत हसली. “सुधारली बाई माणसं एकदाची!” पेंटर धावतच आला. “चुकलं, मॅडम. फिरवू ना बाण?” “थांब जरा,” म्हणत मी त्या उलट्या बाणांमागून चालू लागले.