कोयतीची जागा

गॅरेजच्या भिंतीला प्लायवूड ठोकून दिगंबरने त्यावर एकेक हत्यार टांगलं आणि प्रत्येकाभोवती लाल रंगाने रेघ ओढली. आता कोणी काही नेलं, की रिकामी आकृतीच चुगली करणार होती.

संध्याकाळीच कोयतीची आकृती रिकामी दिसली.

"भावोजी घेऊन गेले," बायको म्हणाली. "नारळ सोलायचेत म्हणाले."

दिगंबर वैतागला. शेजारच्या नाबरांशी हद्दीवरून रोज भांडणाऱ्या या धाकट्या भावाने नेलेली वस्तू जन्मात कधी परत आणली नव्हती.

सकाळी मात्र कोयती जागेवर होती. चक्क धुतलेली. "सुधारला बुवा!" दिगंबर हसला. ओलं पातं गंजेल म्हणून त्याने ते तेलाच्या चिंधीने पुसलं, मूठही चोळून काढली. मुठीच्या फटीतून चिंधीवर तांबूस आलं. गंज धरलाच की, तो पुटपुटला.

बायको फाटकापासूनच ओरडत आली, "अहो, नाबर रात्री घरी आलेच नव्हते. आत्ता बागेत पडलेले सापडले!"

"पडले? माडावरून?" दिगंबरने कोयती खिळ्याला अडकवली.

ती त्याच्या हातातल्या चिंधीकडे बघत राहिली.