दोन भाऊ, दोन पगड्या

“मान उतरेल, पण पगडी उतरणार नाही,” पहिल्याच विमानप्रवासाला निघालेल्या भीमाचार्यांनी बेंगळूरच्या विमानतळावर जाहीर केलं. मान कुणी मागितलीच नव्हती. पासष्टची लढाई नुकतीच थांबली होती आणि तपासनीस आपल्या कानडी वळणाच्या मराठीत एवढंच म्हणाला होता, “स्वल्प पगडी काढून दाखवा, आचार्रे. नाहीतर विमानात बसता येणार नाही.”

“गुरूंनी मठात स्वतः बांधलीय ही. आम्ही दोघं भाऊ परत घरी जाऊ.”

“अण्णा म्हणतील तसं,” धाकट्या प्राणेशनं साथ दिली.

आचार्य ताठ मानेनं बाहेरच्या दारापर्यंत गेले. मागे पावलं वाजेनात, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. प्राणेश बोडक्या डोक्यानं उभा होता आणि तपासनीस त्याची पगडी नारळासारखी कानाशी हलवून पाहत होता.



“अण्णा,” प्राणेश अदबीनं म्हणाला, “तुमची खिडकीची जागा मी घेतली तर चालेल ना?”