भिंतीतले दोन खिळे

भांड्यांवर कोरलेली नावं प्रेमिला वाचायची, आणि तिची सासू रुखमाबाई ते भांडं पदरानं पुसून पोत्याकडे सरकवायची.

"इंदुताईकडून सप्रेम भेट," प्रेमिला म्हणाली. पाण्याचा पितळी गुंड पोत्यात गेला. "बाबाराव मामाकडून." परात गेली. लग्नातल्या भांड्यांवर नावं घालतात ती काही अशा दिवसासाठी नाही, पण आज ती कामाला आली. ज्या बाजूचं नाव, त्या बाजूचं भांडं.

उद्या सोमवारी कोर्टात फारकतीच्या कागदावर सह्या व्हायच्या होत्या. वाडीतल्या त्या भाड्याच्या खोलीबाहेर सामानाचा ठेला उभा होता. ठेल्यापाशी रुखमाबाईचा मुलगा वसंत खोलीकडे पाठ करून उभा होता. हिंगण्याच्या कारखान्यात तो आठ-आठ तास मशीनसमोर उभा राहायचा, तसाच.

प्रेमिलाचे वडील नत्थूजी उंबऱ्यावर बसले होते. समोरचा चहा त्यांनी घेतला नव्हता. पोतं अर्धं भरलं तेव्हा त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"विहीणबाई, एक विचारू का? कागदावर लिवलं हाय, स्वभाव जुळत नाही. पोरगी काही सांगत नाही, जावई काही सांगत नाही. अन् लोक म्हणून राहिले का पोरगी वांझ हाय. उद्या तिच्यासाठी दुसरं घर पाहाले गेलो त मी काय सांगू?"

रुखमाबाईच्या हातातला गडवा हातातच राहिला. लोक म्हणजे कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दिवाळीत आपल्या गावी, खाप्याला गेली तेव्हा नदीवर, शेजारच्या ओसरीवर, कोणी न विचारता तीच सून वांझ असल्याचं सांगत सुटली होती.

खोली दहा बाय बाराची. लग्नानंतर महिन्याभरानं, सुनेचा संसार लावून द्यायला म्हणून ती खाप्याहून चार दिवसांसाठी आली आणि राहिली ती राहिलीच. आईदेखत बायकोशेजारी अंथरूण घालायला वसंत लाजला. तो अंगणात बाज टाकून झोपू लागला, आणि पावसाळ्यात रात्रपाळी मागून घेऊ लागला. प्रेमिलानं आपल्या एका निळ्या साडीचा पडदा शिवला, भिंतीत दोन खिळे ठोकले. "मी काय परकी हाव का वं, माह्यापासून आड पाहिजे?" म्हणत रुखमाबाईनं तो उतरवून टाकला. मंगळवारी सून विचारायची, "आत्याबाई, आज भजनाले नाही जात?" ही आपल्याला घराबाहेर काढायला बघते, असं मनात धरून रुखमाबाईनं भजनच सोडलं. तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, तरी ती बसून राहिली. नवरा गेलेला, मुलगा एकच, आणि खाप्याच्या घरात बोलायला कोणी नाही. हळूहळू वसंत आणि प्रेमिलाचं बोलणं कमी झालं, मग वाकडं झालं, मग बंदच पडलं.

"तिचं काय चुकलं, तेवढं तरी सांगा," नत्थूजी म्हणाले.

"बाबा, राहू द्या ना," प्रेमिला खाली बघत म्हणाली.

"वांझ नाही ती." रुखमाबाईनं गडवा खाली ठेवला. "तिचं काही चुकलं नाही. खोली एकच होती, अन् त्या खोलीत मी होती."

नत्थूजींना आधी कळलं नाही. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. चूल, ट्रंक, एक खिडकी, आणि भिंतीतले ते दोन खिळे. त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"हे मागच्या साली सांगतलं असतं त," एवढं बोलून ते उठले आणि पोत्याचं तोंड बांधू लागले.

रुखमाबाईनं सुनेचा हात धरला. "मी आजच जाते खाप्याले. सह्या त उद्या हायेत."

प्रेमिलानं हात सोडवला नाही. "आत्याबाई, काल हे पाणी प्याले घरात आले. तुमी नव्हत्या, मी एकलीच होती. बोलाचं म्हटलं त काय बोलाव, तेच आमाले दोघाले सुचलं नाही."

रुखमाबाई कोपऱ्यात गेली आणि आपली गोधडी उलटी करून तिनं प्रेमिलासमोर ठेवली. आतून निळी साडी लावलेली होती. पडदा उतरवला त्याच आठवड्यात, कापड वाया कशाला घालवायचं म्हणून, तिनं तो गोधडीला लावला होता. जवळजवळ तीन वर्षं ती त्याच्यावरच झोपत होती.

"याच्यावर नाव नाही," ती म्हणाली, "पण तुह्यंच हाय. घेऊन जा."

प्रेमिलानं कापडावरून एकदा हात फिरवला. मग गोधडीची नीट घडी केली आणि परत कोपऱ्यात ठेवली.

"राहू द्या. थंडीत तुमची कंबर धरते."

ठेला अमरावती रोडला लागून ट्रकांच्या मागे दिसेनासा झाला, तोवर रुखमाबाई दारात उभी होती. मग तिनं आपली दोन लुगडी आणि ती गोधडी बोचक्यात बांधली. वसंत आत आला. भांडी गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत तो बसला.

"कुठं चालली, माय?"

"खाप्याले. दुपारची गाडी हाय."

त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग तिच्या बोचक्याकडे.

"आता काहून जाते?" तो म्हणाला. "आता त जागा हाय."