सगळ्याला चालणारं काडतूस

हरीण, रानडुक्कर आणि मेंढ्यांचं गवत फस्त करणारे ससे, या सगळ्यांना चालेल असं एकच काडतूस कुठलं, यावर ग्रॅम आणि त्याचा भाऊ ट्रेव्हर दुपारपासून स्वयंपाकघरात बियर पीत हुज्जत घालत होते. बाहेर ओसरीवर ग्रॅमची कुत्री फ्लॉस कण्हत होती. सकाळच्या शिकारीत डुकराच्या सुळ्याने तिचं पोट फाडलं होतं. ती वाचणार नाही, असं तिला उचलून आणतानाच दोघं म्हणाले होते.

"सोडव रे तिला आता यातून," ग्रॅमची बायको नोलीन तिसऱ्यांदा म्हणाली.

"बघतो गं, एवढी बाटली संपू दे." मग तो भावाकडे वळला. "सशाला एवढी मोठी गोळी? चिंधड्या होतील, येड्या."

"मग काय झालं? तुला कुठे खायचाय?"

दोघं खिदळले. नोलीनला शिसारी आली. तिने हात पुसले, कपाटातली बंदूक घेतली, तिच्यात काडतूस भरलं आणि बाहेर गेली. तिला बघून फ्लॉसने शेपूट हलवली.

बार ऐकून आतली बडबड थांबली. नोलीन परतली तेव्हा ग्रॅम उठून दाराशी आला होता. निदान आता तरी याला लाज वाटली असेल, असं तिला वाटलं.

"एकातच गेली ना?" त्याने हळूच विचारलं. "कुठलं घातलं होतंस?"